सोसायटीच्या कोपऱ्यात दिवाळीचा किल्ला कसा करायचा

दसरा झाला की सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, रेडीमेड किल्ला कुठे चांगला मिळतो, कितीला पडतो, घरपोच देतात का. विचारणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीयेत, दोघंही नोकरी करणारे, घर सातव्या मजल्यावर, अंगण नाही, माती कुठून आणायची हेच माहीत नसतं. पण प्लास्टरचा तयार किल्ला आणून टीपॉयवर ठेवला तर ती शोभेची वस्तू होते. किल्ला करणं म्हणजे पोरांचे हात कोपरापर्यंत मातीत गेले पाहिजेत, दरवाजा इकडे की तिकडे यावरून भांडणं झाली पाहिजेत, आणि शेवटी आलेल्या पाहुण्याला त्यांनी हात धरून सांगितलं पाहिजे की ही राजगडाची सुवेळा माची आणि हे नेढं, कातळातलं आरपार भोक. हे सगळं फ्लॅटमध्ये राहूनही जमतं, म्हणून पूर्ण पद्धत लिहितेय, ज्यांनी कधीच केला नाही त्यांच्यासाठी.

आधी दिवसांचं गणित. किल्ला वसुबारसेला तयार पाहिजे असं धरा, मग उलटं मोजत या. एक दिवस सामान गोळा करायला आणि सांगाडा रचायला, एक दिवस माती लावायला, एक दिवस नुसता वाळायला (हा दिवस कोणी मोकळा ठेवत नाही आणि मग बुरूज ढासळतात), आणि मग दोन दिवस तटबंदी, दरवाजे, पायऱ्या, रंग, चित्रं (मावळे वगैरेंच्या लहान मूर्ती) मांडणं. खरी अडचण हळिवाची असते, म्हणजे डोंगरावर गवत दिसावं म्हणून पेरतात त्या बियांची, कारण ते पेरल्यावर दोन-तीन दिवसांत उगवतं पण हिरवंगार, बोटभर उंच दिसायला पाच-सहा दिवस लागतात, आणि शाळेची सहामाही परीक्षा कित्येकदा दिवाळीच्या तोंडावर संपते. त्यावर उपाय आहे, खाली सांगते. शिवाय परतीचा पाऊस. उघड्यावर करणार असाल तर किल्ला झाकेल एवढी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक पहिल्याच दिवशी आणून ठेवा, ऑक्टोबरातली संध्याकाळची एक सर सगळी मेहनत वाहून नेते.

कुठला किल्ला करायचा हे माती आणायच्या आधी ठरवा. नुसता डोंगर करून वर महाराज बसवले तरी पोरं खूश होतात हे मान्य, पण खराखुरा किल्ला डोळ्यासमोर ठेवून केला तर तेवढ्याच कष्टात कितीतरी जास्त हाती लागतं. पोरांनी स्वतःच्या पायाने चढून पाहिलेला किल्ला असेल तर तोच करा, ट्रेकचे फोटो मोबाईलमध्ये असतातच. तसा नसेल तर २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यातून निवडा: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतला जिंजी. नेटवर यांचे वरून काढलेले फोटो आणि नकाशे मिळतात, एक प्रिंट काढा आणि पोरांनाच त्यावर पेनाने खुणा करायला लावा, दरवाजा कुठे, तळं कुठे, सगळ्यात उंच भाग कुठला.

जागेप्रमाणे निवड बदलते. तीन बाजूंनी लोक बघू शकतील अशी मोकळी जागा असेल तर राजगडासारखा दुसरा किल्ला नाही, मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदी असलेले सपाट भाग), पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तीन पोरं असतील तर एकेकाला एकेक माची वाटून देता येते आणि बालेकिल्ला सगळ्यांनी मिळून. संजीवनी लांबट, चिंचोळी आणि तिची तटबंदी दुहेरी आहे, ती करायला चिकाटीचं पोर लागतं. सुवेळा माचीवरचं नेढं म्हणजे कातळात आरपार पडलेलं भोक, ओल्या मातीत पेन्सिल खुपसून हळूहळू मोठं करायचं, ते एवढं आवडतं सगळ्यांना की दिवसभर त्यातून डोकावत बसतात. मागे भिंत असलेला कोपरा असेल तर प्रतापगड चांगला बसतो, वरचा बालेकिल्ला, खालचा किल्ला, आणि पायथ्याशी शामियाना करून १० नोव्हेंबर १६५९ ची अफझलखान भेट मांडता येते. रायगडाचा माथा सपाट आणि पसरट, म्हणून वर मांडायला भरपूर जागा, नगारखाना, राजसभा, बाजारपेठेची ती दोन समोरासमोरच्या ओळींतली जोती, गंगासागर तलाव, जगदीश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ महाराजांची समाधी. १६७४ चा राज्याभिषेक मांडायचा असेल तर रायगडच. आणि फक्त बाल्कनी असेल तर सिंधुदुर्ग, त्याबद्दल शेवटी लिहिते.

जागा. सोसायटीत करणार असाल तर सेक्रेटरींना आधी विचारा आणि किल्ला किती दिवस राहणार, कोण आवरणार हेही तेव्हाच सांगून टाका, परवानगी पटकन मिळते. पार्किंगमध्ये गाडी वळायची जागा सोडून, नळापासून फार लांब नको. गच्चीवर नको, ओल्या मातीचं वजन आणि पाणी दोन्ही स्लॅबला चांगलं नाही. खाली फरशी असो की काँक्रीट, जाड प्लास्टिकचा कागद अंथरूनच सुरुवात करा, नंतर आवरताना फार त्रास वाचतो.

सामान असं. चार बाय चार फुटांचा, दोन फूट उंच किल्ला धरला तर चाळीस-पन्नास विटा, थोडे दगड, रंगाचे रिकामे डबे किंवा जुन्या कुंड्या, पाच-सहा गोणपाटं आणि सिमेंटच्या गोणीच्या मापाने तीन-चार गोण्या माती. विटा कुठे काम चालू असेल तिथून मागून आणा, परत देऊ म्हणून सांगा, आणि खरंच परत द्या. गोणपाट म्हणजे तागाचं पोतं, किराणावाल्याकडे किंवा बटाटे-कांद्याच्या दुकानात मिळतं, प्लास्टिकच्या पोत्यावर माती धरत नाही. पुठ्ठ्याची खोकी आत घालू नका, ओल लागली की ती बसतात आणि वरचा डोंगर खचतो.

मातीबद्दल जरा सविस्तर, कारण अर्धा किल्ला तिच्यावर अवलंबून असतो. लाल माती सगळ्यात चांगली, नर्सरीत गोणीने मिळते. काळी माती चिकटते छान पण वाळली की मोठ्या भेगा पडतात, म्हणून तीच मिळाली तर त्यात थोडी वाळू आणि लाकडाचा भुसा किंवा बारीक कापलेलं वाळलं गवत मिसळा. शेण मिळत असेल तर थोडं शेण घाला, पकड येते आणि भेगा कमी होतात. नर्सरीत 'पॉटिंग मिक्स' म्हणून जे हलकं, कोकोपीट घातलेलं मिळतं ते अजिबात घेऊ नका, त्याचा गोळाच होत नाही. परदेशात राहणारे बरेच जण इथेच अडकतात, गार्डन सेंटरमधून पिशव्या आणतात आणि माती उभीच राहत नाही. तिथे चिकणमाती वेगळी मागून त्यात मिसळावी लागते. आणि टेकडीवरून खणून आणू नका, कुठलीच टेकडी नको, आधीच त्यांची अवस्था बघवत नाही. आणलेल्या मातीतली एक गोणी चाळून बाजूला ठेवा, ती तटबंदी आणि शेवटच्या हातासाठी, बाकीची खडे काढून तशीच वापरा.

सांगाडा रचताना विटा आणि डबे उंचीप्रमाणे मांडा, मध्ये दगड, हलत नाही ना ते दाबून बघा. गुहा, तळं आणि कारंज्याची नळी यांची जागा आत्ताच ठेवायची, नंतर फोडाफोड नको. मग एका टबमध्ये मातीची राबडी करा, बोट बुडवून काढलं की बोटावर जाड थर बसला पाहिजे एवढी, त्यात गोणपाट बुडवून, पिळून न घेता, सांगाड्यावर पसरा. हे काम पोरांसाठी राखून ठेवा, चिखल उडतो, कपडे जातात, आणि त्या दिवशी त्यांना घरी बोलवायला गेलं तरी येत नाहीत. गोणपाटाच्या नैसर्गिक चुण्या पडतात त्या सरळ करत बसू नका, त्याच चुण्यांच्या पुढे घळी आणि सोंडा होतात. सगळं झाकलं की वरून भाकरीच्या पिठाएवढ्या घट्ट भिजवलेल्या मातीचा दोन बोटं जाड थर द्या, थापून थापून.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक किल्ले मातीचा ढीग वाटतात कारण ते वरून खाली एकसारखे उतरते केलेले असतात. सह्याद्री तसा नाहीये. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेत, म्हणून वर सपाट माथा, मग एकदम सरळ तुटलेला कडा, खाली उतार, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी रचना असते, लोणावळ्याला जाताना ट्रेनच्या खिडकीतून बघितलं तरी कळतं. तेव्हा माथा फळीने दाबून सपाट करा, त्याखाली पाच-सहा इंच थापीने किंवा जुन्या सुरीने माती सरळ उभी कापा, कड्यावर आडव्या रेघा ओढा, थोडे काळे खडे रोवा. गवत म्हणजे हळीव फक्त उतारावर पेरायचं, कड्यावर नाही. एवढं एक केलंत तरी लांबून बघणारा म्हणतो की हा डोंगर कुठेतरी पाहिलाय.

एक दिवस वाळू द्या, उन्हात नको, सावलीत, आणि भेगा पडल्या तर चाळलेल्या मातीची राबडी बोटाने भरा.

तटबंदी. चाळलेली माती घट्ट मळून तिच्या लांब पट्ट्या करा, अंगठ्याएवढ्या जाड आणि दीड-दोन इंच उंच, त्या माथ्याच्या अगदी कडेने लावत जा, जिथे कडा संपतो तिथेच तट सुरू होतो, आत एक वीत सोडून तट बांधला तर काही अर्थ राहत नाही. जोडताना दोन्हीकडे पाणी लावा नाहीतर वाळल्यावर सुटते. वर चर्या कापायच्या, म्हणजे त्या पाकळ्यांसारख्या कंगोऱ्या, आणि काडीने जंग्यांची भोकं पाडायची, बाहेरून लहान आणि खाली तिरकी, कारण त्यातून खालून चढणाऱ्यावर बंदूक रोखायची असायची. कंपासमधल्या पट्टीने दगडांच्या रेघा मारा, पण वीट रचल्यासारख्या अगदी मापात नको. बुरुजासाठी लहान डबीत माती ठासून उलटी केली की गोल बुरूज तयार, तो तटाच्या थोडा बाहेर आला पाहिजे.

दरवाजा बहुतेक जण समोर, मधोमध, मोठा करतात आणि त्यावर कमान. दिसायला छान, पण महाराजांच्या किल्ल्यांवर दरवाजा लपवलेला असतो. रायगडाचा महादरवाजा बघा, दोन बुरूज पुढे येतात, वाट त्यांच्यामधून वळते आणि मगच दरवाजा दिसतो, याला गोमुखी रचना म्हणतात. समोरून तोफ डागता येत नाही, हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही, आणि त्या वळणावर अडकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. हे पोरांना सांगून त्यांनाच वाट आखू द्या, एक गोटी हत्ती समजून वाटेवरून सोडायची आणि ती थेट दरवाजावर आदळली तर वाट पुन्हा आखायची. पायऱ्या सुरीने कापा, वर जाताना लहान लहान करत नेल्या की किल्ला आहे त्यापेक्षा उंच वाटतो. दरवाजाची फळी आइस्क्रीमच्या काड्यांची, त्यावर खिळ्यांच्या जागी काळे ठिपके.

तळ्यासाठी प्लास्टिकचा उथळ डबा काठापर्यंत पुरा आणि काठ मातीने झाका. करवंटीही चालते. कारंजं हवंच असतं प्रत्येक पोराला, त्याला मोटर वगैरे लागत नाही. मेडिकलमधून नवीन सलाईनचा सेट आणा, सुई काढून टाका, एक टोक वर टांगलेल्या पाण्याच्या कॅनमध्ये, दुसरं किल्ल्याच्या आतून तळ्यात वर काढून त्याला रिफिलचं रिकामं टोक बसवा. कॅन जेवढा उंच तेवढं कारंजं जोरात, कॅनमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर मात्र ते कधीच जात नाही, का ते आठवीच्या पोराला विचारा, प्रयोगवहीपेक्षा इथे लवकर डोक्यात जातं. सेटवरची चकती फिरवून धार कमी-जास्त करता येते. तळ्यातून पाणी बाहेर जायला दुसरी नळी मागच्या बाजूने काढायला विसरू नका, नाहीतर तळं भरून वाहतं आणि खालची माची जाते.

आता हळीव. हळीव भिजवून पेरू नका, भिजलं की बुळबुळीत होऊन गोळे होतात, कोरडंच चिमटीने उतारावर दाट भुरभुरायचं, वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर किंवा तोही नको, आणि स्प्रेच्या बाटलीने पाणी. मगने ओतलं तर सगळं बी पायथ्याला जमा होतं. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं टाकून ठेवा. पायथ्याच्या शेतात मोहरी, मेथी किंवा गहू, ओळीत पेरले की खरंच वाफे वाटतात. आणि परीक्षा उशिरा संपणाऱ्यांसाठी तो उपाय: आठवडाभर आधी घरातच गोणपाटाचे हातभर तुकडे ओले करून, त्यावर पातळ माती टाकून हळीव पेरा, गॅलरीत ट्रेमध्ये ठेवा, रोज दोनदा स्प्रे. किल्ला तयार झाला की ते हिरवे तुकडे तसेच उचलून उतारावर अंथरायचे, कडा मातीने बुजवायच्या. मुळं ताग धरून ठेवतात, त्यामुळे सुटत नाही.

रंग कमीत कमी. मातीचा रंग हाच किल्ल्याचा रंग आहे. तटबंदीला गेरूचा पातळ हात, देवळाला चुना, वाटांवर बारीक वाळू, एवढं पुरतं. ऑइलपेंट आणि चमकी नको, माती नंतर कुंड्यांत जायचीये. भगवा झेंडा मात्र कापडाचाच लावा, कागदाचा दवाने मान टाकतो.

चित्रं, म्हणजे मावळे वगैरे, पुण्यात कसब्यात कुंभारवाड्यात आणि एकूणच दिवाळीआधी जागोजागी रस्त्यावर मिळतात. मातीची मागून घ्या, प्लास्टरची आणि प्लास्टिकची जास्त दिसतात पण मातीची अजून मिळतात आणि ती घेतली तरच पुढेही मिळतील. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तोफा, मावळे, आणि पायथ्याच्या गावासाठी गवळण, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी, गुहेत वाघ. मापं एकमेकांशी जुळत नाहीत, मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, म्हणून मोठी चित्रं पुढे खाली आणि लहान वर मागे मांडा. महाराज सगळ्यात वर, याला अपवाद नाही. सगळी एका रांगेत उभी करू नका, पहारेकरी बुरुजावर, दोघं वाट चढताना, कोणी तळ्याकाठी, पोरं हे फार सुंदर करतात, मोठ्यांनी मध्ये पडून मांडणी सुधारू नये. मोठ्यांचं काम विटा उचलणं, सुरी लागेल तिथे हात धरणं आणि चहा-पोह्यांची सोय बघणं.

संध्याकाळी पणत्या लावा, तटावर दोन आणि देवळापाशी एक, हळिवापासून आणि झेंड्यापासून लांब. मुख्य लाईनवरची माळ किल्ल्यावर टाकू नका, ओली माती, कारंजं आणि पोरांचे ओले हात, बॅटरीवरची छोटी माळ घ्या.

किल्ल्याशेजारी एक पुठ्ठा लावा, पोरांच्या अक्षरात, किल्ल्याचं नाव, कुठल्या जिल्ह्यात, तिथे काय घडलं, आणि करणाऱ्या सगळ्यांची नावं, अगदी फक्त पाणी आणून देणाऱ्या धाकट्याचंही. बेळगावात गल्लोगल्ली हे मोठ्या प्रमाणात होतं, पुण्यात मंडळांच्या स्पर्धा असतात, बघायला येणारे लोक प्रश्न विचारतात आणि पोरांना उत्तरं द्यावी लागतात. तुमच्या सोसायटीत स्पर्धा नसली तरी भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांना खाली घेऊन जा आणि माहिती पोरांनाच सांगू द्या, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, नंतर नकाशा काढून एकत्र बघा.

बाल्कनीवाल्यांसाठी सिंधुदुर्ग. तो मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर, बांधकामाला सुरुवात १६६४ मध्ये, डोंगर नाहीच त्यामुळे उंची आणि वजन दोन्ही कमी, एक-दोन बादल्या मातीत होतो. जुना मोठा ट्रे किंवा लाकडी खोकं घ्या, आत प्लास्टिक, मध्ये चार इंच उंच बेट थापा आणि कडेने नागमोडी तटबंदी. या नागमोडीतच त्याची ओळख आहे, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा की समोरून दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, बाटलीच्या झाकणांच्या करा, आणि शिवराजेश्वराचं देऊळ. भोवती खरं पाणी भरलं तर तट खालून विरघळतो, त्यापेक्षा निळी रांगोळी आणि कडेला पांढरी, लाटांसाठी. दोन-तीन गलबतं कागदाची.

रोज सकाळी हळिवावर स्प्रे, भेगा दिसल्या तर बुजवायच्या, मांजर वर चढून झोपतं त्यावर माझ्याकडे इलाज नाही, रात्री झाकून ठेवा.

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात बरेच जण, मग आवरायची वेळ. काही ठिकाणी पोरं शेवटी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवतात, ते करू देऊ नका, माती-खडे डोळ्यात जातात हे एक, आणि ज्याच्यावर महाराज बसवले तो बॉम्बने उडवायचा हे मनाला पटतच नाही. आधी चित्रं काढून ओल्या फडक्याने नाही, कोरड्या ब्रशने झटका, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर वर्ष लिहा. सलाईनची नळी धुऊन वाळवून त्याच खोक्यात. गोणपाटं झटकून उन्हात टाका, कुजली नसतील तर पुढच्या वर्षी चालतात. विटा ज्यांच्या त्यांना. माती हळिवाच्या मुळांसकट फोडून चाळा, अर्धी सोसायटीच्या झाडांना आणि कुंड्यांना द्या, आणि चाळलेली एक गोणी तोंड बांधून जिन्याखाली कोरड्या जागी ठेवून द्या, पुढच्या वर्षी तटबंदीला हीच माती लागणार आहे.